उद्यापनाचा शिरा

नको, माझ्या हातावर नको... अहो, पुढे सरका, पुढच्यांना वाढा, आणि असे डोळे विस्फारून माझ्याकडे पाहू नका, मला ठाऊक आहे आपल्या मनात काय चाललंय ते, की रवा बुवांचा, केळी बुवांनी निवडलेली, साजूक तूप बुवांनी स्वतः उभं राहून ओतवलेलं, तासभर बुवांनी प्रसादाचं माहात्म्य सांगितलं, आणि आता प्रसाद समोर आला तर बुवाच हात मागे घेतात, याला म्हणावं तरी काय? सांगतो. बसा. चपला कुठे जात नाहीत, नंतर शोधा. एक उपकार मात्र करा, ते शिऱ्याचं पातेलं जरा पलीकडे सरकवा. वेलचीचा वास आला की माझी वाक्यं तुटतात.

तर मंडळी, याची सुरुवात झाली बारशाला. आमची नात स्वराली पाळण्यात, घरभर बायका, आणि माझी धाकटी बहीण, जिला देवाने जिव्हा दिली पण तिला दार बसवायचं विसरला, ती भर समारंभात आमच्या सूनबाईंच्या सुटलेल्या पोटाकडे बोट दाखवून म्हणते, "काय गं उत्कर्षा, एक तर बाहेर आलं, दुसरं कधी येतंय?" सगळ्या हसल्या. आमची उत्कर्षा कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, जन्म सदाशिव पेठेतला, त्यामुळे उत्तरासाठी थांबावं लागत नाही. म्हणाली, "आत्या, दुसरं तुमच्यासारखंच आहे. एकदा आलं की हलायचं नावच घेत नाही." पुन्हा सगळ्या हसल्या, बहीण सोडून. मला वाटलं, मिटलं. पण पाहुणे गेल्यावर आमच्या मंदाकिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, पाहिलं... पोर आरशासमोर बसून बारशाची साडी घडी न करता नुसती मांडीवर चोळत होती. हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलोय, गंध उगाळतोय, आणि स्वयंपाकघरातून घोषणा आली, "आई, आजपासून माझं लो-कार्ब."

आता मी प्रवचनकार माणूस. चाळीस वर्षं व्रतवैकल्यं सांगत आलो, पण हे व्रत माझ्या पोथीत नव्हतं. विचारलं, "यात वर्ज्य काय?" म्हणाली, "पोळी, भात, भाकरी, पोहे, साखर, गूळ, बटाटा, केळं." मी म्हटलं, "मग यात ग्राह्य काय?" म्हणाली, "बाकी सगळं." अहो, बाकी राहिलं काय? आमच्या घरात या आठ गोष्टी काढल्या तर फक्त मीठ आणि मी उरतो! मंदाकिनीने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केलेले, अळिवाचे लाडू केलेले, डब्यांना झाकणं लागत नव्हती, ती बिचारी पदराने हात पुसत म्हणाली, "अगं, अंगावर पाजतेस तू." तर उत्तर काय? "आई, आमचा ग्रुप आहे. सगळ्या नव्या आया आहेत. चॅलेंज आहे. रोज ताटाचा फोटो टाकायचा."

संतांनी सत्संग सांगितला तो हाच असेल काय, देव जाणे.

आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, मला कौतुकच वाटलं. निग्रह म्हणजे निग्रह. आपण एकादशी धरतो म्हणून छाती फुगवतो, पण आपली एकादशी असते काय? साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वरईचे तांदूळ, वर राजगिऱ्याची वडी. एरवीपेक्षा दोन घास अधिक जातात आणि पुण्य वेगळं. आणि ही? हिच्या उपासाला साबुदाणाच चालत नाही. बटाट्याला तर ती असा हात लावते जणू सोवळ्यात विटाळ. मग ताटात काय? तर फ्लॉवर किसायचा, वाफवायचा आणि त्याला म्हणायचं भात. आमच्या वेदान्तात याला अध्यास म्हणतात. अंधारात दोरी पडलेली असते आणि माणसाला साप दिसतो. इथे भर उजेडात फ्लॉवर पडलेला असतो आणि म्हणायचं, आंबेमोहोर.

ते पातेलं... अजून थोडं पलीकडे. हं, खांबाआड.

पण पुढचं ऐका, पुढचं हसण्याजोगं नाही. हळूहळू स्वराली किरकिर करायला लागली. पाजलं तरी रडायची, झोपली तरी ओठ हलवत झोपायची. उत्कर्षाचा चेहरा उतरलेला, डोकं धरलेलं, उठली की भिंतीला हात. मी आयुष्यभर या आसनावर बसून पान्ह्यावर बोललो. गाय रानातून कशी धावत येते, वासराला पाहताच तिला पान्हा कसा फुटतो, भक्ताला पाहून भगवंताला तसाच फुटतो, हे सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावायचे, माझेही पाणावायचे. आणि माझ्याच घरात आतल्या खोलीत लेकरू रडतंय, आणि आई त्याला कुशीत घेऊन हळूच म्हणतेय, "येत नाहीये गं राणी, येत नाहीये." दाराबाहेर उभं राहून हे ऐकलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी संध्याकाळी आरतीला माझा आवाज लागला नाही.

बाळाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळेच गेलो, मी कोपऱ्यात बसलो दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन. बाईंनी स्वरालीला काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वजन मागच्या वेळेपासून हललेलं नाही. काय खाता तुम्ही?"

"पनीर, अंडी, पालक, बदाम."

"आणि धान्य?"

"बंद केलंय."

"कोणी सांगितलं?"

"ग्रुपवर सगळ्या करतायत."

"मग पाजणार पण ग्रुपच का?"

पुण्यात डॉक्टरसुद्धा पुणेरीच मिळतो, औषधाआधी बोल. मंदाकिनीला फार बरं वाटलं, तर बाई तिच्याकडे वळल्या, "आजी, हसू नका. दिवसाला चार लाडू हेही काही औषध नाही. भाकरी, वरणभात, भाजी, उसळ, तहान लागेल तसं पाणी, साधं पोटभर जेवण. वजन उतरेल तिचं, सावकाश. आठवड्याने या. तोपर्यंत काटा हलला नाही, तर वरचं दूध सुरू करावं लागेल."

वरच्या दुधाचं नाव निघालं आणि उत्कर्षाने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न, घरी जाऊन पोर जेवेल.

घरी आलो. मंदाकिनीने वरणभात वाढला, वर तूप, लिंबाची फोड. उत्कर्षा ताटासमोर बसली. दोन घास घेतले. आणि फोन हातात घेऊन नुसती बघत राहिली. पियुष, आमचा चिरंजीव, म्हणाला, "अगं खा ना." तर ती म्हणाली, "खाते. पण आज फोटो कशाचा टाकू? मी आजवर काही अर्धवट सोडलेलं नाहीये. आणि आत्यांना कळलं की म्हणतील, हिला जमलंच नाही." आणि माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी, पण धार तीच, "बाबा, तुम्हीच सांगता ना दर गुरुवारी, घेतलेलं व्रत मध्येच टाकू नये म्हणून?"

मंडळी, स्वतःचं प्रवचन स्वतःच्या घरात ऐकू येणं यासारखी शिक्षा नाही. ताटातलं वरण निवतंय, आत स्वराली जागी होऊन सूर लावतेय, आणि मी आठवतोय, शास्त्रात याला वाट काय, शास्त्रात याला वाट काय... आणि एकदम सापडली! अहो, प्रतिनिधी! व्रत घेतलं आणि पुढे आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर घरातल्या दुसऱ्या माणसाने ते पुढे चालवावं, व्रत मोडत नाही, दोष लागत नाही! आणि लेकुरवाळीला तर मुळात उपासच नाही! मी असा उठलो की पाटच उलटा झाला, देवघरातून पळी, पंचपात्र आणि ताम्हण आणलं, तिच्यासमोर बसलो, तळहातावर पाणी घेतलं आणि म्हणालो, "तुझं व्रत आजपासून माझ्याकडे. तू जेव."

माझी अशी समजूत, मंडळी, की हे आपलं नाममात्र. पाणी सोडायचं, तिने जेवायचं, पुढे कोण बघतंय? पण मी विसरलो की सून हिशेबी खात्यातली नसली तरी तपासणी खात्यातली आहे. कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते ती. डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे माझं चॅलेंज तुमच्या नावावर?"

"हो."

"नियम सगळे तेच?"

आणि माझ्याच तोंडून, अहो याच तोंडून, निघून गेलं, "व्रताला सूट नसते."

पाणी ताम्हणात पडलं. उत्कर्षाने ताट ओढलं, वरणभात कालवला आणि खाली मान घालून जेवली. पुन्हा मागून घेतला. मंदाकिनी वाढत होती आणि रडत होती. आणि माझ्यापुढे... फ्लॉवर.

कोण तो पातेल्याचं झाकण उघडतोय? ठेवा, ठेवा ते.

बरं, इतक्यावर भागलं असतं. तिने मला त्या ग्रुपात घातलं. नव्या आयांच्या ग्रुपात, मला! लिहिलं, "हे माझे सासरे. आता माझ्या जागी हे." लगेच एक मुलगी विचारते, "वेलकम अंकल, बाळ किती महिन्यांचं?" मी सत्यवचनी माणूस. लिहिलं, "छत्तीस वर्षांचं. नोकरीला आहे. अजून स्वतःचं ताट उचलत नाही." खाली लाल बदामांचा पाऊस. पियुष दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण ताट उचलायला लागला.

आणि रोज फोटो. देवाला नैवेद्य दाखवायचा, मग ग्रुपाला दाखवायचा, मग जेवायचं. वाघोलीतून बस पकडून मी मंडईत जायचो फ्लॉवर आणायला, आमची भाजीवाली मावशी पिशवी भरता भरता म्हणाली, "बुवा, एवढा फ्लॉवर? कार्य हाय का घरी?" मी म्हटलं, "कार्यच आहे. भोजन सोडून सगळं आहे त्यात." आणि मग आली एकादशी. विचार करा जरा. एकादशीला धान्य चालत नाही, माझ्या नव्या व्रताला साबुदाणा, बटाटा, रताळं चालत नाही. फ्लॉवर, पालक एकीकडे बाद, वरई, राजगिरा दुसरीकडे बाद. दोन्ही गाळण्यांतून गाळून ताटात काय उरलं? मूठभर शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा, काकडी आणि ताक. शेजारी मंदाकिनी खिचडी परततेय, जिरं तडतडतंय, तूप सुटलंय, आणि आम्ही पांडुरंगाकडे पाहत एक-एक दाणा चावतोय. इतक्या वर्षांत एकादशी पुष्कळ केल्या, पण घडली ती त्या दिवशी.

आठवडा संपला, परत डॉक्टरीणबाई, परत काटा. मी पिशवी घट्ट धरून डोळे मिटलेले, नाम चाललेलं. बाई म्हणाल्या, "हं. हलला." एवढंच. पण उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं, मंडळी, आणि त्या पाहण्यावर मी आणखी वर्षभर फ्लॉवर खाल्ला असता... असं मला तेव्हा वाटलं. माणसाने भावनेच्या भरात मनातसुद्धा बोलू नये, वर कोणीतरी ऐकत असतो.

आता घरात आनंद आहे. पोर भाकरी खाते, उसळ खाते, संध्याकाळी बाळाला घेऊन सोसायटीत चक्कर मारते, वजन उतरतंय, सावकाश, तिची घाई संपली आहे. स्वराली पिता पिता झोपते, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब राहतो, तो कोणी पुसत नाही, तो आमच्या घरचा दागिना आहे. परवा बहीण आली. मला पाहून म्हणाली, "दादा, किती वाळलास रे! सून जेवायला घालते की नाही?" उत्कर्षा आतून म्हणाली, "घालते की आत्या, फ्लॉवर. तुम्हालाही वाढू का?" बहीण चहासुद्धा न घेता गेली.

आणि आज त्या चॅलेंजचा शेवटचा दिवस. व्रत संपलं की उद्यापन हवं, उद्यापनाला अन्नदान हवं, म्हणून हा शिरा. कित्येक दिवस मी या शिऱ्याची वाट पाहतोय, सांगायला लाज वाटते, परवा जपाला बसलो तर माळेच्या मण्यामण्यात मला बेदाणा दिसत होता. सगळं ठरलं होतं. आणि काल सूनबाई मला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, दर वेळची साखरेची तपासणी. डॉक्टरांनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला. "बुवा, साखर इतकी छान तुमची कधीच नव्हती. काय केलंत?" मी सांगायच्या आत ही म्हणते, "व्रत." डॉक्टर म्हणाले, "मग चालू ठेवा."

चालू ठेवा! अहो, रिक्षात मी हिला हात जोडले. म्हटलं, "बाळे, उद्या उद्यापन आहे, शिरा सांगून ठेवलाय." तर शांतपणे म्हणते, "करा ना बाबा, लोकांना पोटभर वाढा. तुम्हीच सांगता, देवाला नुसता भाव पुरतो. तुम्हालाही पुरेल."

पुन्हा माझंच प्रवचन. आता दर गुरुवारी मी आधी घरी कोण आहे ते आठवून मगच बोलणार आहे.

तर हे असं आहे. जेवा तुम्ही, अनमान करू नका, पोटभर जेवा. आणि प्रसाद नाकारू नये, म्हणून त्यातली एक पुडी मात्र मला द्या... माझ्यासाठी नव्हे, उत्कर्षासाठी, तिने मुद्दाम आठवणीने सांगितलंय. फक्त पुडी फार घट्ट बांधू नका. घर वीस मिनिटांवर आहे, वाटेत वास तरी येऊ दे.