दहाच्या ड्रिलचं भोक

—न्हाई न्हाई, बसा की जावईबापू, उठताय कुठं? ज्ञानेश्वरी आत बॅग भरतीय, मीच सकाळी म्हनलं तिला भर म्हनून. बायकोला न्यायला आलाय तर सासऱ्यापाशी घडीभर बसा. त्या स्टुलावर. सुप्याच्या कंपनीत एकतीस वर्सं टूलरूमला काढली, आता हे पत्र्याचं शेड हीच माझी कंपनी. हे ड्रिल बघा, दहाचं. टोकाला दोन धारा — दोन्ही सारख्या लांबीच्या, सारख्या उताराच्या पायजेत. कसं तपासायचं? सोपं हाय — दोन नट कडेला कड लावून धरायचे, मधल्या खाचंत टोक बसतंय का बघायचं. न्हाई बसलं तर परत ह्या घासायच्या चाकावर. एक धार केसभर लांब राह्यली ना, तर दहाच्या ड्रिलनं साडेदहाचं भोक पडतं.

आन मला तर ड्रिल दाखवायचं बी काम न्हाई — नुसतं भोक दाखवा. कुठली धार लांब हुती, कुनी घाईत दाबलं, सगळं सांगतो. परवा ज्ञानूनं मनगटाची पट्टी सोडली. बाथरूममधी घसरले म्हनली. मी बघितलं — एका अंगाला चार वळ, दुसऱ्या अंगाला एक. फरशीला बोटं असत्यात व्हय, जावईबापू? — मोबाईल ठेवा खाली. ठेव म्हनतो ना, करण!

दिवाळीला बी आल्ती ती. ओठ फाटलेला. मीच परत धाडली — लाडवाचा डबा दिला, शेजारच्या टेम्पोत बसवली, हुतं म्हनलं संसारात. ती गेली बी. का गेली? — तिला कुठं नवीन हुतं ते! सात वर्सांची हुती, ह्याच घरात, दाराआड उभी. तिची आई डाव्या कानानं बहिरी हाय, म्हाईत हाय ना तुला? गावाला सांगितलंय, कानात पू झाल्ता. पू न्हाई झाला. भाकरी करपली हुती, एवढंच. ह्या हातानं — ह्याच, केसाचा फरक वळखतो म्हनून कंपनीनं ज्याला शाल घातली त्या हातानं — हे मी तुला कशाला सांगतोय? — हॅत्! बघ, तापून टोक निळं पडलं. पान्यात बुडवायचं राह्यलं. एकतीस वर्सांत असं कधी झालं न्हाई.

असू दे, दुसरं घासलेलं हाय. हे लावलं मशीनला. हे बटन दाबलं. आता हात दे. डावा न्हाई, उजवा — ज्यानं धरली तो. दे म्हनतो! ठेव टेबलावर. पंचनं खूण मारल्याबिगर ड्रिल टेकवलं तर टोक भटकतं बरं का, लोखंडावर भटकतं, हाडावर तर लईच भटकंल, तवा हलू नको. काय? पाया पडतोस? तिनं बी पाय धरलं असतील की तुझं — सोडलीस का? सांग ना, सोडलीस का तिला —

कोन हाय दारात? ज्ञानूची आई, तू आत जा. आत जा म्हनलं ना! — त्या अंगानं ऐकू येत न्हाई तिला, त्यात हे मशीन — अगं, तुला न्हाई मारत, ह्याला — बनू, तुला न्हाई गं —

बघ तिच्याकडं. भिताडाला टेकली, आन कानावर हात धरलाय. उजव्या. तेवढाच राह्यलाय तिला.

सोडला. हे बघ बनू, सोडला त्याचा हात, मी काय करत न्हाई. — ऊठ रं. ज्ञानेश्वरी येनार न्हाई, बॅग मी रिकामी करायला सांगतो. ती ह्या घरात तरी का राहंल, तेबी मला म्हाईत न्हाई. नीघ तू. आन जाताना ते बटन बंद कर — मी हात उचलला तर बनू परत भिईल.