कौतिकाच्या घरचे भांडे

माहं माहेर वैनगंगेच्या काठचं, बाप ढिवर, आजा ढिवर, मासोऱ्या धरनारे लोकं, म्हंजे मी डोंग्यातच वाढली म्हना ना, पान्याकडं पाहून सांगत होती मासोरी कुठी बसली असन, आन लगन करून आनलं ते इथी चिमूरकडच्या बोडीवर. बोडी म्हंजे तलावच, पन लहान. पह्यल्या दिवशी मी माह्या मालकाले म्हनलं, एवढ्याशा पान्यात तुमी काय धरता, बेंडकं? तो हासला नाई. त्याले हासाची सवयच नोहती, अजूनही नाई. पन मानूस चांगला हाये, काऊन खोटं बोलू.

तुमी कौतिकाचं इचारलं, तेच सांगते, पन मले सुरुवातीपासून सांगा लागते, मधातून धरलं त मीच चुकते. कौतिका म्हंजे माही जाऊ, मालकाच्या चुलतभावाची बायको. नवरा तिचा धानाच्या बांधीत साप चावून गेला, लगनाले तीन वर्सं नोहते झाले, कडेवर एक लेक, माहेरी कोनी नाई. आता आमच्यात कसं होतं, बोडीत जाळं टाकलं का मासोऱ्याचे वाटे पडत, ज्याचा हात जाळ्याले लागला त्याचा वाटा, आन बाईनं जाळ्याले हात लावाचा नाई. मंग ज्या घरचा मानूस गेला त्या घरचा वाटाबी गेला. आमी आपल्या वाट्यातलं देऊ तिले, शेजारची सखू देये, मी देऊ, मी त रोजचीच, मरळ निघाली का मोठा तुकडा तिच्या लेकीले. मी सोता नेऊन देऊ आन तिथीच उभी राहून पाहू, खाल्लं का नाई. मले वाटे, मी लय चांगलं करून राह्यली. केलंच ना पन चांगलं.

तर काय सांगू तुमाले, तवा माही मोठी पोट्टी चौथीत होती, गावात टीव्ही एकाच घरी, सरपंचाच्या. ग्रामसेवक आला आन म्हने, परवा पाहुने येऊन राह्यले, जीपगाडीनं, बाहेरदेशाची एक बाई बी हाये, घरोघरी येईन, गाव साफ ठेवा. बस, एवढंच. कायले येते, काय पाहते, काई नाई सांगतलं. बोडीच्या रस्त्यानं गावात आलं का पह्यलं घर कौतिकाचं. एक भिंत पडेल, तिथी तट्टा लावेल, घरात एक गाडगं आन दोन जरमनचे ताटं. ती माह्याकडं आली, डोळे भरून, म्हने, बाई, ती गोरी बाई पह्यले माह्याच घरात येईन, मी कुठी जाऊ? मी म्हनलं, काऊन व रडते, आमी काय मेलो का?

आमच्या मोहल्ल्यात रीतच होती. कोनाची पोट्टी पाहाले पाहुने आले का साऱ्याचे भांडे त्या घरी जात. पान्याचा गुंड याचा, पितळी कोपर त्याची, गाद्या तिसऱ्याच्या. आन पाहुन्यानं इचारलं त घरची बाई म्हनन, हो जी, आमचंच हाये. कोनी त्याले खोटं म्हनत नोहतं. आज तुह्या घरी, उद्या माह्या घरी. तर मीच पुढं झाली, मले पुढं होयाची खोडच हाये, साऱ्या घरी फिरली आन कौतिकाचं घर असं भरलं का काय सांगू. माहे दोन पितळी गुंड, गंज, परात, पेटी, सखूची भिंतीवरची घडी, तीबी चालू. माह्या मालकाची खाट उचलली तवा तो म्हने, मी कुठी झोपू? मी म्हनलं, जमिनीवर झोपा, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये. दोन दिवस बोलला नाई तो.

आले पाहुने. गोरी बाई लय गोड, चप्पल काढून आत आली, कौतिकाच्या लेकीच्या गालाले हात लावला. संगतचा साहेब एकेक पाहून लिहून राह्यला, इचारे, हे तुमचं? आन कौतिका मान खाली घालून, हो जी. घडी तुमची? हो जी. मी दारात उभी, असं वाटे का माह्याच लेकीचं लगन जमून राह्यलं. मंग ते माह्या घरी आले. माहं घर त तवा उघडंबोडकं, भिंतीवर खिळा दिसे फक्त. मालक जमिनीवर बसेल, तोंड फुगवून. साहेबानं त्याच्याकडं पाह्यलं आन लय वेळ लिहिलं.

महिन्यानं ग्रामसभेत यादी वाचली तवा समजलं कशाची होती ती पाहनी. साऱ्या दुनियेत म्हने हे काम चालू हाये, आफ्रिकेत, कुठी कुठी, गरिबातला गरीब कोन ते पाहाचं, आन जो मांगं राह्यला त्याले पुढं आनाचं. आमच्या गावात बोडी बायाच्या गटाले भेटनार, जाळे, मासोऱ्याचं बीज, शिकवाले मानूस, आन गटात यादीतल्याच बाया. मास्तरनं वाचलं, सायत्राबाई, म्हंजे मी, पह्यल्याच नंबरवर. घरात भांडे नाई, खाट नाई. सारी सभा हासली, मीबी हासली. कौतिकाचं नावच नाई. तीबी हासली आमच्या संगं, आन मंग उठून गेली.

तीन दिवस ती दिसली नाई. मी मासोऱ्या घेऊन गेली त दाराशीच बसेल. म्हने, बाई, तुमी मले कवा उपाशी ठेवलं नाई, पन मले एकदा माह्या नावाचा वाटा पायजे होता. कोनाच्या वाट्यातला नाई, माह्या नावाचा. हे आयकून मले असं झालं का जमिनीनं पोटात घ्यावं. मीच फिरली होती ना घरोघरी, मीच तिची गरिबी झाकली, आन झाकून तिचंच नुकसान केलं.

मी तालुक्याले गेली. ज्या हापिसात कवा पाय नाई ठेवला तिथी जाऊन त्याच साहेबाले सारं सांगतलं, भांडे कोनाचे, खाट कोनाची. तो आधी चिडला, आमाले फसवलं म्हने. मी म्हनलं, साहेब, तुमी तरी कुठी सांगतलं का गरीब पाहाले येऊन राह्यलो, आमी त पाहुने समजलो. मंग त्याले हासू आलं. म्हने, पुन्हा पाहनी करू, पन बाईनं सोता साऱ्यासमोर बोला लागन.

मले भेव होतं का कौतिका करनार नाई. तिची इज्जत एवढीशी होती, पन तीच होती तिच्याजवळ. तर ज्या दिवशी साहेब आला, तिनं मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया बलावल्या, तेच भांडे पुन्हा घरात मांडाले लावले, आन साहेबासमोर एकेक उचलून नाव घेऊन ज्याचं त्याले देत गेली. हा गुंड सायत्राबाईचा. ही घडी सखूची. मधात थांबली नाई. खाट उचलाले माहा मालकच आला, आन जातानी तिच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. सारं गेल्यावर उरलं ते गाडगं, दोन ताटं आन नवऱ्याचं फाटेल जाळं. म्हने, साहेब, हे माहं. आता लिहा. मी त पदर तोंडात धरून रडली.

आन मंग साहेब माह्या घरी आला. फळीवर दोनी गुंड, गंज, परात, खाट अंगनात. त्यानं माहं नाव कापलं, तिथी कौतिकाचं लिहिलं. मी म्हनलं, कापा साहेब. खरं सांगू, वाईट वाटलं. चार दिवस वाटलं.

गट चालला. बायाईनं जाळ्याले हात लावला, मानसं आधी फुगले, मंग तेच जाळे विनून देऊ लागले. पुढं माह्या मालकाची कंबर गेली, पान्यात उतरनं सुटलं, घरात मासोरी दिसेनाशी झाली. एक दिवस कौतिका बोडीवरून ओल्या लुगड्यानंच आली आन माह्या दारात टोपली ठेवली. माह्या तोंडातून निघालं, ने व घरी, आमी का भिकारी हाव? ती गेली नाई. म्हने, बाई, मी घेत होती तवा मलेबी असंच वाटे. रोज वाटे. पन तुमी उभ्या राहत होत्या ना पाहत, मंग घ्या लागे.

एवढे वर्सं दिलं मी तिले, आन तिले कसं वाटत असन ते एकदाबी इचारलं नोहतं. टोपली उचलली मी, दोनी हातानं, तिच्यासमोर. तीबी उभी राह्यली, मासोऱ्या चुलीवर चढेपर्यंत हलली नाई, अशी खट बाई हाये.

अजूनही आनते. देव तिले सुखात ठेवो. आज झिंगे आनले, तुमी जेवूनच जा.