रविवारची कार्डं

न्हाय न्हाय, तिथंच बस, पायरीवर — आत सारवलंय. आन् हात लावू नको, भिमाबाई, खडी फोडून आलीस, हाताला भुकटी असती, कार्डाला डाग पडत्यात. मी धरतो वर, तू लांबून बघ. दिसलं का? समुद्र हाय. स्कारबरो म्हणून गाव हाय इंग्लंडात, तिथला. तू कवा बघितलाय समुद्र? मी तरी कवा बघितलाय म्हणा — सोलापूरच्या पलीकडं गेलो न्हाय मी — पर काल शनिवारी टपाल आलं तवापासून ह्योच बघत बसलोय, आता तोंडपाठ झालाय. ही टेकडी, तिच्यावर पडका किल्ला, आन् खाली वाळूत ही काय हायत सांग? गाढवं! इंग्रजाची पोरं गाढवावर बसून हिंडत्यात पाण्याच्या काठानं. हस की जरा. तुझा मच्छिंद्र धरणं बांधायचं शिकायला गेलाय सरकारी स्कॉलरशिपवर, आन् शनिवार उजाडला की बसमधी बसून निघाला तिथला मुलूख बघायला. मजा हाय पोराची.

काय म्हणतीस? यायचं लिवलंय का? — न्हाय. यायचं काय एक न्हाय. अगं, किती वेळा इचारशील? माघात तुझा ज्ञानोबा गेला, तलावाच्या दुष्काळी कामावर डोईवरची पाटी खाली ठिवली आन् बसला तो उठलाच न्हाय — त्याच आठवड्याला मी निळ्या विमानाच्या पत्रावर कळवलं का न्हाय? तुझ्यासमोर लिवलं. मग त्यानं काय केलं? यॉर्कला गेला. चर्चचं चित्र धाडलं, आठवतंय का? मग विंडरमिअरला — ते तळं, हितं विहिरीत गाळसुदीक ऱ्हायला न्हाय आन् तिथं नुसत्या बोटीच बोटी. बापाचं एका अक्षरानं नाव न्हाय. तू म्हणलीस, माझं लेकरू असं न्हाय, गुरुजी. मी म्हणलं, असतंय, भिमाबाई. लेकरू शिकलं की असंच असतंय. तू ढसाढसा रडलीस ह्याच पायरीवर. माझ्या मार्फत पत्ता हाय म्हणून मला हे वाचावं लागतंय, मला काय हौस हाय का?

पहिलं बरं व्हतं. ज्ञानोबा यायचा, मी त्याच्या नावानं लिवायचो, तो शाईत अंगठा बुडवून खाली उठवायचा. म्हणायचा, गुरुजी, अक्षर तुमचं हाय, पर अंगठा बघितला की पोरगं म्हणंल माझा दादा बोलतोय. भोळं माणूस.

वाचतो, वाचतो, जरा चष्मा पुसू दे. 'प्रिय आय आणि दादा' — आँ? — अगं सवय असती हाताची, लिवून जातंय माणूस. मीसुदीक माझी आई गेल्यावर किती दिस तिला हाक मारत व्हतो. ऐक पुढं. 'शनिवारी सकाळी सहाला निघालो. कॉलेजच्या पोरांनी मिळून बस केली होती. सोबत पाव आणि उकडलेली अंडी. टेकडी चढून गेलो आणि एकदम समोर पाणी. पहिली गोष्ट मनात आली ती दादाची. दादा विहिरीत वाकून बघायचा तसा मी कितीतरी वेळ वाकून बघत उभा राहिलो, पोरं हसायला लागली. दादाला म्हणावं, पुढल्या साली मुंबईला नेतो आणि समुद्र दाखवतो. पण आय, एक विचारायचं आहे. मागच्या तिन्ही पत्रांवरचा अंगठा दादाचा नाही. दादाच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण आहे, तो दर वेळी उठायचा. हा अंगठा —'

हं. बास, एवढंच. पुढं पत्ता हाय.

काय इचारतीस? कुणाचा म्हणजे? — वाचायच्या नादात मी आपलं — अशी बघू नको माझ्याकडं. माझा. माझा अंगठा, झालं समाधान? तीस वर्सं खडू धरून गुळगुळीत झालाय, वण कुठनं उठायचा त्यावर! न्हाय कळवलं मी. तुझ्यासमोर लिवलं ते 'सगळं खुशाल हाय, अभ्यास कर' एवढंच लिवलं. मग काय करायचं व्हतं? कळवलं असतं तर तो आला असता. सगळं टाकून, व्हय, ओळखतो मी त्याला. आन् येऊन काय केलं असतं, मेलेल्याला उठवलं असतं? शिक्षण बुडालं असतं. तुझ्याच लेकराचं भलं बघितलं — आता खोटं तरी कशाला बोलू. कार्डं बंद झाली असती, भिमाबाई.

तुला न्हाय कळायचं. तीस वर्सं मी पोरांना भूगोल शिकवला नकाशावर बोट ठिवून. हा समुद्र, हे बेट, हा किल्ला. तुझ्या मच्छिंद्रालाबी ह्याच बोटानं शिकवलं, वर्गाच्या दाराबाहेर बसवून — तवाची रीतच ती — आन् बघायला गेला कोण? तो! माझा पोरगा शांतलिंग दोनदा मॅट्रिक नापास, तलावावर तुमची हजेरी घेत बसतोय. मी दर रविवारी कार्ड हातात धरून त्या पोराच्या शेजारी बसमधी बसून जातो, भिमाबाई. भादव्यात त्याचं शिक्षण सरंल, सोळा रविवार ऱ्हायलेत. सोळा! तेवढं थांबलीस तर तुझं काय जातंय? जायचा तो गेलाय.

ये, हिकडं ये. आत ये की. सारवलं तर सारवलं, ये. हात बघू. — अगं, हा अंगठा फुटलाय की तुझा! हातोडी लागली व्हय? आडवाच हाय वण. आडवाच हाय! देवानंच दिला बघ. दे, बुडव शाईत, मी लिवतो खाली की दादाची तब्येत बरी हाय, शाई कमी पडली व्हती म्हणून वण उठला न्हाय — दे म्हणतो ना! हात कशाला काढून घेतीस?

कार्ड ठिव. ठिव ते. तुला येतंय का वाचायला? कोण — चाँदपाशा? कळंबच्या गाडीवरचा कंडक्टर? तो काय वाचणार! — तार? तार कशाशी खात्यात मालूम हाय का तुला? जा. जा, कर तार. बोलव त्याला, येऊ दे, मग बसा दोघं मायलेक खडी फोडत. आन् उद्या शांतलिंग हजेरीत तुझं नाव घेतो का बघ. चल, ऊठ, पायरी सोड माझी —

भिमाबाई. अगं भिमाबाई, थांब. डब्यातली कार्डं ने, सगळी ने, चर्च ने, तळं ने — समुद्राचं तेवढं ठिव गं. तेवढं —