मशीनने गिळलेला फोटो

हॅलो?... बोला साहेब. आज ऑफिसातून ताईची आठवण कशी झाली?

काय अडकलं?... फोटो? आईचा?... हो, हो, कळलं. आधी नीट सांग, कुठे अडकलाय... ऑफिसच्या स्कॅनरच्या वरच्या फटीत. अरे, ती फट सुट्या कागदांसाठी असते. आतले रोलर कागद ओढतात, वाकवतात नि पलीकडून बाहेर टाकतात. आणि तू त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो कोंबलास?

हो, महागडा आहे, शंभरदा ऐकलंय. मिनिटाला साठ पानं. आईचे साठ फोटो आहेत का आपल्याकडे? एकच आहे.

नाही, ओढू नकोस... अरे, ऐक ना. बटण राहू दे, प्लगच काढ... काढलास? आता झाकण उघड. बाजूला खटका असेल.

मी म्हटलं होतं, माझ्याकडे दे. रोज माझी चित्रं स्कॅन करते मी. काचेवर पालथं ठेवायचं, खालून दिवा सरकत जातो, चित्र जागचं हलत नाही. पण तुला माझा स्कॅनर खेळण्यातला वाटला ना... वाटला. बायकोसमोर म्हणालास तसं.

मोबाइलने?... चकाकी आली असती, कडा वाकड्या आल्या असत्या. पण फोटो तरी हातात राहिला असता.

उघडलं?... दिसतोय? आता रोलर हाताने फिरव, हळू... उलटा. उलटा रे...

हॅलो?... तो कसला आवाज आला?

फाटला.

कुठून?... आईचा चेहरा? नक्की? चष्मा लावून बघ... आणि मी, बाजूला उभी?... मग फाटलं कोण?

तू. मांडीवरचा.

नाही, हसत नाहीये... बरं, हसतेय थोडी. कधीच त्या मांडीवरून उतरायला तयार नव्हतास, शेवटी मशीनला उतरवावं लागलं.

अरे... रडतोयस? केबिनचं दार लाव आधी. मलाही धस्स झालंय, पण सगळं संपलेलं नाही. दोन्ही तुकडे काचेवर एकमेकांना भिडवून ठेवू. सहाशे डीपीआयवर स्कॅन केलं की बारीकसारीक ठिपकाही येतो. मग मधली भेग मी स्क्रीनवर भरून काढते... नाही, चिकटपट्टी अजिबात लावू नकोस. तुझी हुशारी पुरे झाली आज. कोऱ्या पाकिटात घाल, मी निघालेच.

काय?... हो, तो छोटा तुकडाही. तोच आधी घाल. तू नसलास तर आई रिकामे हात पुढे धरून बसलेली दिसेल, आणि तशी मला ती बघवणार नाही... ठेव आता.