चेंबरमधून जे निघालं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू होय! मग हा नंबर नवऱ्याचा ना? त्यांच्या फोनवरून का करतेस, तुझ्या फोनला काय धाड भरली?

चार्जिंग नाही. बरं. चार्जिंग तर चार्जिंग.

बरी आहे मी. मला काय होतंय… हो, जेवले… हो गं, गोळीही घेतली. आईची गोळी विचारायला भर दुपारी फोन करणारी तू कधीपासून झालीस?… नाही, बोल ना. मी कुठं नको म्हणते? नुसतं विचारलं.

मागं कोण आहे?… कोणी नाही? मग आत्ता खोकलं कोण?

टीव्ही! तुमचा टीव्ही अगदी जावईबापूंसारखा खोकतो गं. आधी तो स्पीकर बंद कर… केलास?… नाही केलास. विहिरीत बसून बोलल्यासारखी येतेस… हं. आता आलीस माणसासारखी.

मी? मी कुठं असणार, मागच्या अंगणात. ट्रकपाशी. स्टूल टाकून बसलेय सकाळपासून… ऊन आहे तर आहे. मला काय काळी पडायची भीती? मी इथून हलले की इथं काय होईल आणि काय नाही, त्याचा मला भरवसा नाही.

कोणावर म्हणजे? कोणावरच नाही. आता तुझ्यावरही नाही. दुपारी फोन केलास ना, म्हणून.

अगं, मला काय नव्यानं सांगतेस? सगळं पाठ आहे मला. इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमधून ऑइल गळत होतं, म्हणून गाडी तुमच्या गॅरेजला पाठवली. घरचा माणूस, जावई, दुसरीकडं कशाला जायचं म्हटलं. तुझ्या नवऱ्यानं चेंबर खाली उतरवलं, पॅकिंग बदललं, परत चढवलं. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोण्या भरून गाडी निघाली, आणि चढावर इंजिन जाम. झालं की नाही असंच?

हो, हो… लाल दिवा. तेच ऐकतेय ना परवापासून. ऑइलचा लाल दिवा लागला आणि ड्रायव्हरनं न बघता गाडी तशीच रेटली… ड्रायव्हर काय म्हणतेस? काका म्हण. माझे धाकटे दीर आहेत ते. तुझे बाबा गेल्यावर ही गाडी कोणी चालवली? तू? तुझ्या नवऱ्यानं?

मग नीट बोल. माझ्या तोंडून काय निघायचं ते निघतं, पण मी मोठी भावजय आहे. तू कोण लागून गेलीस?

हो, मीच म्हटलं. नाही कुठं म्हणतेय? गाडी ओढून अड्ड्यावर आणली तेव्हा, सगळ्या ट्रकवाल्यांसमोर म्हटलं, की भाऊजी, डोळे काय घरी ठेवून गाडी चालवता? म्हटलं. का म्हटलं? तुझ्या नवऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या कामात खोट नाही, दिवा बघितला नाही त्यांनी. म्हणून म्हटलं.

काही नाही बोलले. ते कधी बोलतात? किल्ली बॉनेटवर ठेवली आणि गेले निघून.

अगं ऐक ना… ऐक आधी. मधे मधे बोलू नकोस. आज सकाळी स्वतःहून आले. येताना दुसरा मिस्त्री घेऊन आले, तो पुलाखालचा, बारक्या. मला म्हणाले, वहिनी, चेंबर उघडू द्या तुमच्यासमोर. मग मला काय म्हणायचंय ते म्हणा. बस. एवढंच. तेव्हापासून चाकाशी बसलेत उकिडवे. मी चहा ठेवला समोर, तो तसाच आहे, साय धरली त्याच्यावर.

बारक्यावर? त्याच्यावर मी तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी संशय घेतला असं समजू नकोस. आधी बाह्या वर करायला लावल्या. खिसे उलटे करून दाखव म्हटलं. जादूगार असतो ना, हात रिकामे आहेत बघा म्हणतो आणि कबुतर काढतो, तसलं मला नको. तो म्हणतो, आजी, मी मिस्त्री आहे, चोर नाही. म्हटलं, मी पण आजी नाही, गाडीची मालकीण आहे. चल कर सुरू.

हो, उघडलं.

हो, माझ्यासमोर. मी वाकून बघत होते, कंबर गेली कामातून.

निघालं. आत निघालं.

…

काय म्हणालीस?

नाही, परत म्हण.

कापड?

अगं, मी कापड म्हटलं का? मी म्हटलं, निघालं. नट निघाला असेल, लोखंडाचा तुकडा निघाला असेल, उंदीर निघाला असेल. तुझ्या तोंडात कापडच कसं आलं गं?… अंदाज? लग्नाआधी तुला भाजीत मीठ किती टाकायचं त्याचा अंदाज येत नव्हता. आणि आता घरात बसून तुला माझ्या ट्रकचं पोट दिसतं?

रडू नकोस. रडून माझ्यापुढं काही होत नाही, लहानपणापासून माहीत आहे तुला. सांग सरळ.

हो, कापडच निघालं. पुसायचं. तळहाताएवढं, ऑइल पिऊन काळं ठिक्कर पडलेलं. खाली ती जाळी असते, ज्यातून ऑइल वर ओढलं जातं, तिच्यावर चिकटून बसलं होतं. गाडी सपाटीला होती तोवर कुठंतरी कोपऱ्यात पडून असेल. चढ लागला, ऑइल मागं सरकलं, त्याच्याबरोबर हेही सरकलं, आणि बसलं जाळीवर तोंड दाबून. इंजिनला घोटभर ऑइल मिळेना. बारक्या म्हणाला, दिवा लागल्यावर लगेच थांबलं तरी उपयोग नव्हता. बेरिंगं तोवर गेली होती. म्हणजे तुझे काका काय म्हणत होते? लाल दिवा लागला, मी तिथंच थांबलो. हेच म्हणत होते ना? एकदाच म्हणाले बिचारे. दुसऱ्यांदा म्हणायला मी जागा ठेवली नाही.

आता तू सांग. तुला कधी कळलं?

…परवा रात्री. म्हणजे मी अड्ड्यावर बोलून आले त्याच्या नंतर. नक्की?… माझी शपथ नको, मला अजून जगायचंय. नुसतं नक्की म्हण… बरं.

आणि त्यांना? एक कापड कमी आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं? बघ, इथं पाणी मुरतंय.

गाडी निघाली त्याच सकाळी.

अगं मग! त्या सकाळी गाडी अजून गोण्या भरत उभी होती! एक फोन केला असता तर… कोणाला केला? मला? मला केला होता?

थांब. थांब जरा… हो. आला होता. दुधाचं पातेलं गॅसवर होतं माझं. मग? बोलले कुठं काही? हॅलो म्हणाले आणि ठेवला.

मी काय म्हणाले?

नाही आठवत… सांग ना, तुला एवढं तोंडपाठ आहे तर.

"आता काय राहिलं जावईबापू, की पॅकिंग बदललं म्हणून सत्कार करू?"

…

हे मी म्हटलं?

म्हटलं असेन. माझ्यासारखंच वाटतंय.

पण एवढ्यावरून माणूस फोन ठेवतो का गं? इंजिन वाचवायचं सोडून? एवढा मोठा सहा फुटी माणूस, पाना फेकून मारला तर कुत्रं मरेल, आणि सासू बोलली म्हणून घाबरला?… सगळेच घाबरतात म्हणजे? कोण सगळे? तू घाबरतेस मला?… बरं, ते नंतर बोलू.

नाही, आणि त्यांना वाटलं असेल, नसेलही कापड आत राहिलं. कुठंतरी गॅरेजातच पडलं असेल. माणसाला असंच वाटतं, मी जाणत नाही का? बोलायचं टळलं की मन लगेच समजूत काढतं. इथपर्यंत मी समजते. याच्यापुढं नाही समजत. गाडी बसल्यावर मात्र तोंड उघडलं, ते कोणाच्या नावानं? माझ्या दिराच्या! चूक झाली, होते. हातानं काम करणाऱ्याच्या हातूनच होते. पण ती दुसऱ्याच्या गळ्यात घातली, तीही अशा माणसाच्या, जो उलटून एक शब्द बोलत नाही. हे मला पटत नाही गं. तुझा नवरा असला तरी नाही पटत.

इंजिनचं सोड. लोखंड आहे ते, होईल परत. तुझ्या काकांचं काय करू? साठीला आले. उद्या अड्ड्यावर कोणी त्यांच्या हातात गाडी देईल? दिवा न बघणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं. आणि ते नाव कोणी केलं? मी, भर चौकात, मोठ्या आवाजात.

ते आहेत ना तिथं? टीव्हीच्या मागं? दे त्यांना… दे म्हटलं ना. मी काय फोनमधून चावते का?

…

हां, जावईबापू.

नाही, नाही, तुम्ही ऐकून घ्या… माफी माझ्याकडं कशाला मागता? मला काय झालंय? मी चांगली धडधाकट बसलेय.

हो. ऐकलं मी. सत्काराचं बोलले ते. बोलायला नको होतं. झालं? आता ते तुम्ही पुन्हा काढायचं नाही आणि मीही नाही.

बिल नका सांगू मला. मी बिल विचारलं का? तुम्ही आज इथं यायचं. उद्या नाही. आज. हत्यारं घेऊन. हे इंजिन तुम्ही उतरवणार, तुम्हीच उघडणार, क्रँक काय, बेरिंग काय, सगळं तुमच्या हातानं… बारक्या नाही. बारक्याला मी चहा पाजून पाठवते. बिचाऱ्याचे खिसे अजून उलटेच आहेत.

आणि पुसायची कापडं मोजून आणा. हो, मोजून. मी इथं स्टुलावर बसणार. येताना जितकी आणाल तितकी जाताना माझ्यासमोर मोजायची. एक कमी भरलं तर गाडी परत उघडायची… हसू नका, मी चेष्टा करत नाही.

अड्ड्यावर? ते तर आहेच. इंजिन सुरू झालं की तुम्ही आणि मी, दोघांनी जायचं. मी मोठ्यानं बोलले होते, मीच मोठ्यानं बोलेन. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि मान हलवायची. एवढं जमेल ना?

पण त्याच्या आधी एक काम आहे. आत्ताचं. भाऊजी इथं चार पावलांवर बसलेत. मी फोन त्यांच्या हातात देते. हिनं मला सांगितलं तेच त्यांना सांगा. जसंच्या तसं. दिव्याचंही.

काय बोलू म्हणजे? परवापासून दिव्याबद्दल भरभरून बोलत होता… बरं, बरं. नाही बोलत मी काही. थांबा.

भाऊजी… अहो भाऊजी.

फोन आहे. तुमच्यासाठी… गॅरेजमधून. जावई बोलतायत… घ्या ना.

मी सांगते म्हणून नका घेऊ. माझ्यावर राग आहे तो असू दे. तो माझाच आहे, मी बघते त्याचं. यांचं ऐकून तर घ्या.

…

भाऊजी, माझ्याकडं नका बघू हो असं.

हॅलो, जावईबापू? आहात ना? ठेवू नका. जरा थांबा… उठतायत. हात पुसतायत ते.