करुणाबाईंचा सोबती

हॅलो? …हां, धर्मसिंगभाऊ, बोला. प्रेमानंदच बोलून राहिलो… दुकानातच आहे. पोचली का नगरसेवकांची गाडी हिंगोलीत? …बरं, बरं. म्हणजे चहा-नाश्ता झाला की थेट विधान परिषदेच्या मतदानालाच… काय म्हणता? …कोण, आमची करुणा? …न्हाई म्हणते? काहून? …अहो, बाईमाणूस आहे, घाबरली असंल. तुमी आबांच्या कानावर घालू नका. द्या, तिच्याकडं द्या फोन. आत्ता सरळ करतो.

हॅलो… हां, मीच. बरी आहेस ना? …रिसॉर्टवरचे फोटो पाहिले मी. सगळ्या बायांना सारखी साडी, मागं पोहायचा तलाव. नगरसेविका झालीस म्हणून दिसलं हे. माझ्याच्यानं तर तुला नांदेडच्या पुढं नेता आलं नसतं.

…व्हय, व्हय, सांगितलं त्यानं. म्हणून तर… अगं ऐक ना. आधी ऐकून घे. आत गेलीस की टेबलावरच्या साहेबाला एवढंच सांगायचं, मला लिहिता-वाचता येत न्हाई, मला सोबती पाहिजे. मग धर्मसिंग तुझ्यासंगं येईल, कागदावर आपल्या उमेदवारापुढं एकचा आकडा लिहील, कागद पेटीत. संपलं.

…तू लिहिते म्हणतेस. मला ठाऊक आहे तुला एक लिहिता येतो. सगळ्या औंढ्याला ठाऊक आहे. …पण आत तू कुणापुढं लिहिला ते आबांना कसं कळणार? पेटीत पडले की सगळे कागद सारखे. मागच्या विधान परिषदेला आपल्याच नगरसेवकांनी आबांचा माणूस पाडला, अन् दुसऱ्या दिवशी तेच घरी येऊन आबांच्या गळ्यात पडून रडले. तेव्हापासून आबांचा भरवसा बंद. ज्याच्या-त्याच्या मागं एक सोबती. जत्रेत लेकराला करंगळी देतात तशी.

…अगं, तुझ्या एकटीवर संशय न्हाई. बाकीच्यांकडं बघ ना. रत्नपाल एम.ए. झालाय, त्यानं चष्मा घरी ठेवला, आज त्याला दिसत न्हाई. वसराम दहावीला इतक्यांदा बसला की नवे मास्तर त्याला शिपाई समजायचे, तो आज निरक्षर. अन् शिलाताईनं उजव्या हाताला पट्टी बांधलीय. त्याच हातानं रात्री पत्ते पिसत होती म्हणे. हसत-हसत करून राहिलेत सगळे. तुलाच काय सोनं लागलंय?

…हां. …हां. त्यांचं खोटं आहे हे सगळ्यांना दिसतं, अन् तुझं लोक खरं समजतील. …मग? दोन-तीन वर्षांमागं खरंच होतं की. तुला तर खोटं बोलायचीही तकलीफ न्हाई. जुनंच बोलायचं.



…कोणते साहेब? …झेंडावंदनाच्या वेळचे? तेच बसलेत टेबलावर? …मग बसू दे. व्हय, वाजवल्या त्यांनी टाळ्या. तू माईकपुढं उभी राहून संविधानाची उद्देशिका वाचलीस, ‘सार्वभौम’ला अडकलीस, पुन्हा पहिल्यापासून धरलं अन् सगळी वाचलीस. मीही तिथंच होतो. मीही वाजवल्या. आता त्या टाळ्यांचं काय लोणचं घालू? …न्हाई विचारणार. त्यांना पुढचा माणूस आत घ्यायचा असतो. …तर मग खाली बघून बोल. वर बघ म्हणून कोण सांगतं तुला?

…सही? न्हाई, सही बी करायची न्हाई. निरक्षर बाई सही करते का, येडे? अंगठा द्यायचा. डावा.

…अगं… अगं, रडू नको, गाडीतले ऐकतील.

जळबा, ते छपाईचं मशीन बंद कर जरा, काही ऐकू येईना. …हां, बोल.

…बरं. आता माझंही ऐक. आपल्या दुकानाच्या पत्र्यावर लाल फुली मारून गेलेत, तू पाहिलीस. रस्त्यात येतं म्हणे. आज मत बराबर पडलं की नव्या संकुलात आपल्याला गाळा, आबांचा शब्द आहे. न्हाई पडलं तर जेसीबी. …मग काय करतीस? वाच उद्देशिका जेसीबीपुढं. तोही वाजवील टाळ्या.

…साक्षी? …आहे, इथंच बसलीय. तिला काहून मधी आणतीस? …तिनं शिकवलं, तिनं शिकवलं. किती वेळा ऐकू? चुकलेल्या फ्लेक्सच्या पाठीवर मायलेकी अक्षरं काढत बसायच्या, पुढून वाढदिवसाचा पुढारी अन् मागून तुझं क, ख, ग. मी बोललो का कधी? तू ‘ळ’ उलटा काढायचीस अन् सातवीतली पोरगी तुझा हात धरून गिरवून घ्यायची. भाकरी करपायची. तरी बोललो न्हाई.

…बरं झालं तिचं नाव काढलंस. दुकान गेलं की तिची शाळा काय पिंपळाखाली भरणार आहे? शिरड शहापूरला पाठवतो बहिणीकडं. तिला कापूस वेचायला माणूस पाहिजेच. …धमकी कशाची? होईल ते सांगून राहिलो. …ऐकू दे की तिला. आईच्या एका वाक्याला काय-काय टांगलंय ते पोरीलाही कळू दे.

…देतो. तिच्याशीच बोल. थांब, स्पीकरवर टाकतो. साक्षे, ये इकडं. सांग आईला. …बोल ना. …अगं, तोंड आहे का न्हाई? …मोठ्यानं. आईला ऐकू गेलं पाहिजे.

…ऐकलंस, करुणा? काय म्हणली तुझी मास्तरीण? ‘आई, म्हणून टाक.’ तुझ्यापरीस तिला अक्कल जास्त. …मी न्हाई शिकवलं तिला. आपल्या मनानं म्हणली.

हॅलो? …करुणा?

…हां. …शाळा? राहील चालू. …बारावीपर्यंत. …बरं बाई, पुढंही. ती म्हणंल तिथवर. …शपथ कशाला पाहिजे? …ठेवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. …ठेवला म्हणलं ना. तुला फोनमधून दिसत न्हाई त्याला मी काय करू?

मग आता म्हणून दाखव. …अगं, म्हणशील गं तू, पण ऐन वेळी माणसाचं तोंड उघडत न्हाई. अन् धर्मसिंगही शेजारी उभा असंल, त्याचीही खात्री होऊ दे. म्हण. ‘साहेब, मला लिहिता-वाचता येत न्हाई.’ …पुटपुटू नको. …अजून. …‘येत नव्हतं’ न्हाई. ‘येत न्हाई’. असा पाय मागं ठेवू नको. …पुन्हा. …आता सोबत्याचंही म्हण. …हां. सगळं एका दमात.

…हां. आता बराबर. एवढंच होतं बघ. एवढ्यासाठी सगळी गाडी ताटकळत ठेवलीस.

…कोण, साक्षी? …ती गेली. …अगं, आत्ताच. तू म्हणत होतीस तेव्हा उठली. …कुठं म्हणजे? शाळेत. वेळ झाली न्हाई का तिची? …न्हाई, रडत काहून जाईल? चांगली पळत गेली. खुशीत होती.

जळबा, ते दप्तर उचल रे, पायात येऊन राहिलं.

…कुणाशी न्हाई, जळबाशी. …कोणतं दप्तर? …अगं, असंल कुणाचं तरी. दुकान आहे, दहा लोक येतात, दहा वस्तू टाकून जातात. …तिचं कसं असंल? तिचं तिनं नेलं. …करुणा, आता ते धरून बसू नको. तू आत्ता म्हणलीस, धर्मसिंगनं ऐकलंय. …करुणा? …हॅलो?

हां, भाऊ, तुमीच का? …गप झाली? काहीच बोलत न्हाई? …मग चांगलं आहे की. गप झालेलं माणूस सांगितलं तेवढंच बोलतं. …न्हाई, आता न्हाई फिरणार ती. तिचं मी सांगतो ना. …घोटभर पाणी पाजा, चेहरा धुवायला लावा अन् न्या रांगेत. दंडाला धरून न्या म्हणजे शोभंल. …हां. …हां. अन् धर्मसिंगभाऊ, विजयाचे फ्लेक्स आपल्याकडंच द्यायला सांगा आबांना. कापड आणून ठेवलंय. …ठेवतो.