स्टूल चार बोटं कसं सरकलं

...आणि स्टूल आपण होऊन सरकत नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल ना? लाकडी, चार पायांचं, बोळात चपलांच्या मांडणीशेजारी तीस वर्षं एका जागी उभं असलेलं स्टूल, आणि मंगळवारी माझ्या नडगीला लागलं ते चार बोटं पुढे! चार. मी मोजली. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला दिसत नाही, मग मोजलीत कशी? अहो, बोटं मोजायला डोळे कशाला लागतात, बोटं लागतात. मी संशय घेत नाही, तुम्हाला सांगते, कुणावरही घेत नाही. मी फक्त लक्षात ठेवते.

दिसत नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. मधलं गेलंय, कडेचं उरलंय. समोर माणूस उभा राहिला की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आणि त्याच्या दोन बाजूंना दोन कान. हल्ली मी माणसं कानांवरून ओळखते. काही बिघडत नाही. चेहऱ्यावर हसू आणता येतं, कानावर आणता येत नाही.

तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक बाई पाठवल्या. कशासाठी? मला चालायला शिकवायला. वय वर्षं एक्याऐंशी, जुनी मॅट्रिक, गणितात शंभरापैकी ब्याण्णव, आणि मला चालायला शिकवणार. आल्या त्या, बूट करकरवत, 'आजी, कशा आहात?' मी म्हटलं, 'आपला परिचय व्हायचा आहे अजून, आजी कधी झाले?' तर हसल्या, आणि हसून वहीत काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचा आवाज येतो हो. एवढं एका वाक्यावर लिहिण्यासारखं काय होतं?

त्या वहीची धास्ती मला उगीच नव्हती. मुलानं फोनवर स्पष्ट सांगितलेलं, 'आई, बाई काय लिहून देतात ते बघू. तुमचं दोघांचं तिथे निभत नसेल तर घर बंद करा आणि आमच्याकडे या.' त्यांच्याकडे म्हणजे कुठे? दिवाणखान्यात, पडद्यापलीकडे, टीव्हीच्या पाठीला पाठ लावून. इथे पलंगापासून खिडकी सात पावलं, खिडकीपासून ओटा अकरा. हे घर मला पाठ आहे. या वयात नवं घर पाठ करायचं, तेही पडद्याआडचं? म्हणून ठरवलं, बाईंना चुकीला जागा द्यायची नाही.

शिकवायच्या मात्र नेमकं, हे कबूल केलं पाहिजे. भिंतीला तळहात लावायचा नाही, बोटांची मागची बाजू लावायची. म्हणजे बोटं दारात अडकत नाहीत. वाकताना एक हात कपाळासमोर. दुसऱ्याबरोबर जाताना त्यानं आपल्याला धरायचं नाही, आपण त्याचं कोपर धरायचं, नि ज्याला दिसतं तो अर्धं पाऊल पुढे. अर्धं. मला हे अर्धं पाऊल फार आवडलं.

आणि आमचे हे? हे खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि त्याच्या आडून, 'हं, डावा पाय, उजवा पाय, शाबास, पुढच्या वर्षी पहिलीत घालू.' पाऊण तास एकच पान. उलटलेलं ऐकलं नाही मी कधी. मी संशय घेतला का? नाही घेतला. फक्त लक्षात ठेवलं.

संशय, म्हणजे संशय नव्हे, विचार, गेला सुनेवर. गुरुवारी येते, किल्ली तिच्याकडे असते, केर काढते. सासू एकदा पडली की घर बंद करायला बरंच की. मी सहज विचारलं, 'बोळातलं स्टूल कुणी हलवलं गं?' तर म्हणते, 'आई, मी हातपण लावला नाही.' हातपण! मी हाताचं नाव तरी काढलं होतं का? मग मी जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली आणि स्टुलाच्या चारही पायांशी जमिनीवर एकेक तुकडा चिकटवला. अंगठ्यानं चाचपलं की कळतं. गुरुवारी सून येऊन गेली, स्टूल जागच्या जागी. शनिवारी कुणीही आलं नाही, आणि स्टूल चार बोटं बाहेर!

मग बाईंवर. परीक्षा घेत असतील, मुद्दाम सरकवून बघत असतील. विचारलं तर म्हणाल्या, 'मी कशाला सरकवू, आजी?' सरकवणारी बाई दुसरं काय म्हणणार?

शेवटी एका दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले. उघडे ठेवूनही फार फरक पडला नसता म्हणा. तीनच्या सुमारास बोळातून आवाज... सर्र, सर्र. भिंतीवरून बोटांची पाठ फिरवल्याचा आवाज, मी ओळखते ना तो, मीच तर काढते दिवसभर! मग ठक्. मग अगदी हळू, 'मेलं स्टूल.' मग स्टूल चाचपत जागेवर ठेवल्याचा आवाज, नि अर्थात चार बोटं चुकून.

हे! माझी नक्कल करताहेत, असं वाटलं मला. चिडवायची तऱ्हा असेल एखादी. मनात म्हटलं, थांबा, बघते तुम्हाला.

पुढच्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, 'आज बाहेर जाऊ. काका, तुम्ही पुढे, आजी तुमचं कोपर धरतील, मी मागून येते.' निघालो. मी कोपर धरलं. आणि ते कोपर, तुम्हाला सांगते, अर्धं पाऊल पुढे असायचं ते सारखं मागे येतंय. मी हळू झाले की तेही हळू. मी थांबले की तेही थांबतंय. मी म्हटलं, 'अहो, पुढे व्हा.' 'होतोय ना.' होत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी वाट बघतेय, 'चल' म्हणतील. ते उभे. मी उभी. मग खालच्या आवाजात मला विचारतात, 'मोकळा आहे का गं रस्ता?'

'मला काय विचारता? बघा की.'

'तू ऐक. तुला शिकवलंय.'

तुम्हाला कल्पना नाही, त्या क्षणी माझ्या हातातलं कोपर केवढं जड झालं. पाऊण तासाचं ते एक पान, ती भिंत, ते स्टूल... सगळ्यांच्या कानांवर नजर ठेवली मी, आणि साठ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा वळून पाहिलं नाही. कधीपासून, हेही विचारलं नाही. रस्त्यात विचारायची गोष्ट आहे का ती? आणि मागे वही! मी कुजबुजले, 'काही बोलू नका. अर्धं पाऊल पुढे राहा, मी मागून ढकलते.' कान दिले, एक मोटार गेली, एक सायकल गेली, दोन्हींचा आवाज विरला, आणि 'चला.' असे आम्ही गेलो, हे पुढे ऐटीत आणि मी मागून त्यांचं कोपर धरून त्यांना चालवत. पलीकडे पोचून म्हटलं, फसवलं बाईंना. तर करकर ते बूट आमच्या अगदी पाठीशी. हात पसरून उभ्या असणार, दोघांच्याही मागे.

वही उघडल्याचा आवाज. मग पेन्सिलीचा.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. 'आई, बाईंनी लिहून दिलंय.' मी विचारलं, 'काय?' 'दोघांनाही हे घर पाठ आहे, इथून हलवू नये. हलवलं तर दोघंही पडतील. बाबांचीही शिकवणी सुरू करावी. आणि बोळातलं स्टूल तेवढं काढावं.' मग म्हणतो, 'आई... बाबांचं तू सांगितलं नाहीस.' मी म्हटलं, 'मी कशाला सांगू? मी संशय घेत नाही.'

आता घरात दोन पांढऱ्या काठ्या आहेत. यांची छातीपर्यंत मापून घेतलेली. विचाराल तर म्हणतात, 'हिचीच आहे, जादाची.' स्टूल गेलं माळ्यावर. आणि तरी रोज दुपारी तीनला मी ओट्याकडे निघते, तेव्हा बोळात समोरून टक्. माझी काठी, टक्. कुणीही बाजूला होत नाही. आणि हे दरडावून विचारतात, 'कोण आहे?'

घरात माणसं दोन. त्यातला एक विचारतोय, कोण आहे! काय करायचं, तुम्हीच सांगा... स्वभावच संशयी त्यांचा.